नीमा केसांत आहे

रविवारी नीमाला भेटायला कुणी आलं, की आमच्या माई दारातूनच सांगायच्या, "ती केसांत हाय. संध्याकाळी या." माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या हे इतक्या सहज सांगायच्या, की नवख्या माणसाला वाटावं, केस हे सिन्नरच्या पुढचं एखादं गाव असेल आणि पोरगी सकाळच्या एसटीनं तिकडे गेली असेल.

आणि ती जायचीच, खोटं नाही. सकाळी नऊला गच्चीत प्लास्टिकचं स्टूल मांडून बसली की दोन वाजेपर्यंत तिथून हलायची नाही. डोक्याचे चार भाग, चारी भागांना चार चिमटे, खांद्यावर टॉवेल, झाडांना पाणी मारायची फवारणीची बाटली, एरंडेलाची शिशी आणि हाताच्या पंजाएवढा रुंद दातांचा कंगवा. एक चिमटा सोडायचा, पाणी मारायचं, तेल लावायचं, बोटांनी गुंता सोडवायचा, मग खालून वर विंचरत यायचं, पेड घालायचा, की पुढचा चिमटा. मी पार्लर चालवते. तेवढ्या वेळात माझ्या दोन नवऱ्या मेकअप, साडी, अंबाडा सगळं होऊन मांडवात पोचतात. मी तिला म्हणायचे, "अगं, किती लाड करशील त्यांचे?" तर म्हणायची, "ताई, ते रागावले तर आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत."

नीमा टांझानियाची. नाशिकला फार्मसी शिकायला आलेली. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं घर आहे, खाली गॅरेजमध्ये माझं पार्लर आणि वर गच्चीला लागून एक खोली. ती खोली बघायला आली तेव्हा तिनं आधीच चार घरांतून नकार घेतला होता. दारात उभी राहून तिनं हिंदीत पहिलं वाक्य म्हटलं, "दीदी, ना म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, म्हणजे मी वरपर्यंत जिना चढणार नाही." मला राग आला. तिचा नव्हे, त्या चार घरांचा. मी किल्ली काढून तिच्या हातात दिली. नाव विचारलं तर म्हणाली, नीमा. माई आतून म्हणाल्या, "आपल्यातलंच नाव हाय की!" बास, माईंच्या बाजूनं विषय संपला. राहिलेली शंका पंधरा दिवसांनी फिटली. नीमानं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवून भाजीबरोबर खायला घेतला आणि माई ताटात डोकावून म्हणाल्या, "ह्यो तर आपला घाटा."

तिच्या केसांना हात लावून बघायची लोकांना भारी हौस. बस स्टॉपवर, बँकेत, लग्नात, कुठेही. न विचारता. एकदा भाजीबाजारात एका बाईनं मेथीची जुडी खाली ठेवून सरळ तिचे केस चाचपले आणि मला विचारलं, "खरे आहेत का हो?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात नीमानं शांतपणे हात पुढे करून त्या बाईचा अंबाडा दाबून पाहिला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "तुमचा खरा आहे?" तो खोटाच निघाला. आत गंगावन होतं. बाई मेथी न घेताच निघून गेल्या आणि भाजीवाली हसून हसून वजन करायचं विसरली.

आता हे सगळं ऐकून वाटेल, की पोरगी आपल्या केसांवर पहिल्यापासून जीव टाकणारी असणार. छे! ती आली तेव्हा तिचे केस सरळ होते. एक प्रकारचं क्रीम असतं, रिलॅक्सर म्हणतात. ते लावून आठव्या वर्षापासून सरळ केलेले. सात-आठ आठवड्यांनी मुळाशी नवे केस उगवायचे, घट्ट पिळाचे, स्प्रिंगसारखे. की लगेच त्यांना पुन्हा क्रीम. येताना ती बॅगेत त्याचेच डबे भरून घेऊन आली होती. मागच्या बाजूला स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून एक दिवस डबा घेऊन खाली पार्लरात आली.

मला काय, मी पंधरा वर्षं लोकांचे केस सरळ करतेय. पण तिनं मला खुर्चीत बसवून आधी नियम शिकवले. फक्त नव्या उगवलेल्या भागाला लावायचं. कपाळाच्या, कानाच्या कडेला व्हॅसलिनचा थर द्यायचा. पंधरा मिनिटं, सोळावं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीचे चार-पाच दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही, नखानं खाजवायचंसुद्धा नाही. डोक्याचं कातडं घासलेलं असलं, की क्रीम त्याला जाळतं. "थोडं जळतंच," ती म्हणाली. "माझी आई विचारायची, जळतंय ना? म्हणजे काम चालू आहे. बस गप." मी म्हटलं, माझी आईही केस ओढून वेणी घालताना हेच म्हणायची.

कारण माझेही केस कुरळे. माहेर पिंपळगाव बसवंतचं, घरात सगळ्यांचे केस सुतासारखे सरळ आणि मी एकटीच अशी. शाळेत मला शेवई म्हणायचे. सासरची मंडळी मला बघायला आली तेव्हा आईनं वाटीभर खोबरेल ओतून माझं डोकं चप्प बसवलं होतं. पार्लर उघडलं तसे मी स्वतःचे केस सरळ करून घेतले आणि मग दर वर्षी. पार्लरवालीच अशी झिपरी दिसली तर गिऱ्हाईक आत येईल का?

तर अशी तीन वर्षं गेली. दर दोन महिन्यांनी नीमा खाली यायची, मी क्रीम लावायचे, ती डोळे मिटून गप बसायची. माईंशी तिची गट्टी जमली. माईंचे गुडघे दुखतात, तर जिना उतरताना ती माईंचा हात धरून एकेका पायरीला म्हणायची, "पोले पोले." तिच्या भाषेत हळूहळू. माईंना तो शब्द फार आवडला. दूध उतू जायला लागलं तरी म्हणायच्या, पोले पोले.

चौथ्या वर्षी तिची मुलाखत ठरली. औषधांची कंपनी, आणि नोकरी थेट तिच्या गावी, दार-एस-सलामला. वडील नव्हते, आई शिवणकाम करून हिचं शिक्षण करत होती. ही नोकरी लागली तर आईचं मशीन बंद होणार होतं, एवढं सरळ होतं ते. मुलाखत सोमवारी, व्हिडिओवर. रविवारी दुपारी क्रीम लावायचं ठरलं. मला सकाळी सिन्नरला नवरीची ऑर्डर होती. जाताना मी जिन्यातून ओरडून सांगितलं, "डोकं कोरडं ठेव गं!"

इकडे माईंना कळलं, की पोरगी उद्या मोठ्या कामाला चाललीय. आमच्याकडे मोठ्या कामाच्या आधी डोक्यावरून न्हायचं असतं, त्यात विचारायचं काय? माईंनी बंब पेटवला, शिकेकाई-रिठे उकळले, गच्चीत पाट मांडला आणि नीमाला हाक मारली. माईंचा हात म्हणजे शेतात राबलेला हात. खसाखसा, नखं लावून, टाळू लाल होईपर्यंत चोळल्याशिवाय त्यांना न्हाणं झाल्यासारखं वाटत नाही. दिवाळीला माझा नवरा अजून लपतो. त्या हातानं त्यांनी नीमाचं डोकं दोनदा चोळून धुतलं, उन्हात वाळवलं, वर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

मी दुपारी आले. नीमा खुर्चीत बसली. मी नेहमीसारखं विचारलं, "धुतले नाहीस ना?" तिनं मान हलवली, नाही. मी क्रीम लावायला घेतलं. खरं सांगते, शिकेकाईचा वास आला होता मला. पण आमच्या घराला रविवारी तो वास असतोच. मी लक्ष दिलं नाही.

सहाव्या-सातव्या मिनिटाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "जळतंय का?" म्हणाली, "थोडं." दहाव्या मिनिटाला तिनं खुर्चीचे हात असे आवळले, की खुर्ची करकरली. मी घाबरले, तिचं डोकं बेसिनमध्ये वाकवून गार पाण्याचा नळ सोडला, आणि क्रीमबरोबर माझ्या हातात केस आले. टाळूवरचे, रुपयाच्या तीन-चार नाण्यांएवढ्या जागेतले. खाली कातडं लालभडक.

मी किंचाळलेच. "अगं भवाने, बोलली का नाहीस? काय केलंस तू?"

तेव्हा तिनं सांगितलं. बेसिनमध्ये मान तशीच वाकवलेली, पाणी वाहतंय, आणि ती सांगतेय. माईंनी पाट मांडला होता. पाणी तापवलं होतं. "ताई, घर सोडल्यापासून माझ्या डोक्याला कुणी असा हात लावला नाही. लोक हात लावतात, पण असा नाही. मला नाही म्हणता आलं नाही. वाटलं, थोडं जास्त जळेल. सोसेन." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "माईंना सांगायचं नाही. शपथ घ्या. क्रीम जुनं होतं असं सांगू."

मी शपथ घेतली. तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर आले, तर पडद्यापलीकडे पायरीवर दोन कप चहा साय धरून पडले होते. माई ठेवून गेल्या असतील म्हणून मी ते उचलून मोरीत ओतले.

दुसऱ्या दिवशी तिनं मुलाखत दिली ती डोक्याला कापड बांधून. माईंच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा तिनं असा काही डौलात गुंडाळला, की मला वाटलं, आता काय बिशाद आहे नाही म्हणायची! पण झालं नाही. डोक्यात ठणका असताना कसली उत्तरं सुचणार? आठ दिवसांनी नकार आला. ती खोलीतून दोन दिवस बाहेर आली नाही. मी जिन्यात ताट ठेवायचे आणि खाली येऊन स्वतःला शिव्या द्यायचे.

कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने डोक्याला कसलंही क्रीम नाही. सहा महिन्यांत टाळूवर केस परत आले, देवाची कृपा. पण अर्धे केस वर पिळाचे आणि खाली सरळ, आणि जिथे दोन्ही भेटायचे तिथेच कंगवा लावला की तुटायचे. ती कापड बांधूनच कॉलेजला जायची. आणि एक गोष्ट तेव्हा मला दिसली, पण कळली नाही. माईंनी तिला न्हायला बोलावणं बंद केलं. तिलाच काय, कुणालाच. म्हणायच्या, हातात जोर राहिला नाही. मी वयावर घातलं.

मग दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं. हीसुद्धा नोकरी तिच्याच गावची, पण मुलाखत मुंबईच्या ऑफिसात, समोरासमोर. डॉक्टरांनी तोवर हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. तिच्या आईचा फोन आला. ती तिच्या भाषेत काय बोलत होती ते मला कळत नव्हतं, पण आई काय बोलतेय हे कुठल्याही भाषेत कळतं. फोन ठेवून नीमा म्हणाली, "आई म्हणते, मुलाखतीपुरते तरी सरळ कर. तसे केस घेऊन गेलीस तर लोक म्हणतील, पोरगी नीटनेटकी नाही. एक नोकरी गेली, आता दुसरी नको." मला आईचं पटलं. मी म्हटलं, "मी जपून करते. बारा मिनिटंच ठेवू."

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पार्लर बंद करायच्या वेळेला ती खाली आली, खुर्चीत बसली, कापड सोडलं आणि म्हणाली, "कापा."

"किती?"

"सरळ आहेत तेवढे सगळे."

"अगं, तीन बोटं उरतील! आणि मुंबईला काय सांगशील?"

"ताई, मी आठ वर्षांची होते तेव्हा ते शेवटचे पाहिले. माझे केस कसे आहेत हे मला माहीतच नाही. जे माहीत नाही ते वाईट आहे, हे मी इतकी वर्षं कसं ठरवलं?"

मी कात्री घेतली. सरळ टोकं खाली पडत गेली आणि उरलेले केस एकेक करून वर उठत गेले, घट्ट, काळेभोर, बारीक बारीक पिळांचे. मी आरसा मागे धरला. तिनं बोट घालून एक पीळ ताणला, सोडला. तो टुणकन परत जागेवर. परत ताणला, परत सोडला. "हे असे आहेत होय?" म्हणाली, आणि रडायलाच लागली. मीही रडले. कशासाठी ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

मुंबईला जायच्या आधीचा रविवार. नीमा स्वयंपाकघरात येऊन माईंसमोर उभी राहिली. हातात टॉवेल. "माई, न्हायला घाला. मोठं काम आहे."

माई भांडं घासत होत्या ते घासतच राहिल्या. "नाय गं पोरी. माझ्या हाताला आता जोर नाय."

"जोर नकोच आहे, माई."

तेव्हा माईंनी भांडं खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला. "मीच चोळलं ना तुझं डोकं? मी चहा घेऊन आलते त्या दिवशी. पडद्यामागं उभी व्हते. समदं ऐकलं. तुझी नोकरी माझ्या हातानं गेली पोरी."

पायरीवरचे ते दोन कप माझ्या डोळ्यांसमोर आले. सहा महिने! माईंना कळू नये म्हणून नीमा गप्प, नीमानं झाकलेलं उघडं पडू नये म्हणून माई गप्प, आणि मी शहाणी दोघींच्या मध्ये ताट-वाट्या करत फिरतेय. कपाळ माझं.

नीमानं गच्चीत जाऊन पाट मांडला, त्यावर माईंकडे पाठ करून बसली आणि मान खाली घातली. माई गुडघे धरत धरत वर आल्या. शिकेकाई नव्हती उकळलेली, नुसतं कोमट पाणी. त्यांनी बोटं डोक्याला लावायच्या आधी आपल्या पदराला पुसली. आणि मग त्या राकट हातांनी इतकं हलकं, इतकं हलकं धुतलं, की तान्ह्या लेकराची टाळूसुद्धा त्या हातांनी तशी धुतली नसेल. तोंडानं एकच, "पोले पोले. पोले पोले."

नोकरी मिळाली. परत आल्यावर नीमा फुरंगटून बसली होती. मी घाबरून विचारलं, केसांवरून काही बोलले का? "कुणी बघितलंसुद्धा नाही, ताई! चाळीस मिनिटं नुसती औषधं विचारली. एवढे मी कापले, एवढी रडले, आणि कुणी बघितलंच नाही!" तिच्या आईला मात्र तिनं भीत भीतच फोटो पाठवला. मग एक ओळ आली. नीमानं मला मराठीत करून सांगितली, "तू तर माझ्या आईसारखी दिसतेस."

त्यानंतर परीक्षा होईपर्यंतचे ते रविवार. चार चिमटे, फवारणीची बाटली, आणि दारातून माईंचं "ती केसांत हाय."

जुलैत ती गेली. दुपारी गाडी आली. माईंनी शिकेकाईची पुडी दिली, "तुझ्या आईला दे. हलक्या हातानं लाव म्हनावं." नीमा माईंच्या पाया पडली, मग गळ्यातच पडली. मला तिनं तो पंजाएवढा कंगवा दिला. मी म्हटलं, "मला काय करायचाय?" तर गाडीत एक पाय ठेवून म्हणाली, "ताई, तुमचे केस कसे आहेत?"

"कसे म्हणजे? पांढरे व्हायला लागलेत."

"रंग नाही विचारला मी," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्या वर्षी माझे केस सरळ करायची वेळ आली, मी क्रीम कालवलं आणि तसंच ओतून दिलं. नुसतं कुतूहल म्हणून, दुसरं काही नाही. मग पुढच्या वर्षी उरलेलं सरळही कापून टाकलं. गिऱ्हाइकांनी विचारलं, "ताई, बरं नाही का?" एक-दोघी दुसऱ्या पार्लरला गेल्या. जाऊ देत. यांना तर महिनाभर कळलंच नाही. माईंनी मात्र त्याच दिवशी मला उजेडात ओढून नीट पाहिलं. म्हणाल्या, "आता दिसली बघ. तुला बघाया आलो तवा एवढ्या तेलातून बी एक बट कानापाशी सुटली व्हती. ती बघूनच मी तुझ्या सासऱ्यांना म्हनले, हीच करायची."

"अहो माई, मग वीस वर्षं बोलला का नाहीत?"

"तू कुठं इचारलं?"

आता रविवारी मी पार्लर बंद ठेवते. गच्चीत स्टूल मांडते, मोबाइल कुंडीला टेकवून ठेवते. त्यात नीमा असते, तिच्या गच्चीवर, डोक्याला चार चिमटे लावून. तिच्या मागे उघड्या दारातून आईचं शिवणाचं मशीन झाकण घालून ठेवलेलं दिसतं, आणि तिची आई मध्येच येऊन मला हात हलवते. आम्ही फार बोलत नाही, गुंता सोडवताना बोलता येत नाही. परवा असंच चाललं होतं आणि खाली बेल वाजली. कुणीतरी गिऱ्हाईक असावं, विचारत होतं ताई आहेत का. नीमानं तिकडे कान टवकारले. खालून माईंचा आवाज आला, "ती केसांत हाय. संध्याकाळी या."